वांग्याच्या रंगाचं लुगडं

५ फेब्रुवारी २०२४, सोमवार

कंपनीत माझ्या टेबलावर एक रजिस्टर आहे. त्यात जे लिहिते त्याखाली सही करावी लागते. सही करून लिहिता येत नाही असंही बरंच काही साचतं, म्हणून ही वही. ती घरी राहील, कपाटात, कपड्यांच्या खाली. आई म्हणते, मी कशाला वाचू? म्हणजे वाचेल.

क्वालिटीची इनचार्ज होऊन आज पंधरा दिवस झाले. आधीचे साहेब सोडून गेले, तेव्हा रविराजशेठनी बोलावून विचारलं, "अपेक्षा मॅडम, जमेल ना?" दहा वर्षं या शेडमध्ये मोजमापं घेतेय, न जमायला काय झालं? पण तेव्हापासून मी आत शिरले की बोलणी थांबतात. चहात साखर कमी पडली तरी मला वाटतं, मुद्दाम केलंय.

चाकणला आमचं लहानसं शेड आहे, चार भट्ट्या. दुसऱ्यांचा माल येतो, आम्ही तो तापवून कडक करून देतो. तीन नंबरच्या भट्टीत सध्या रस्ता फोडायच्या मशीनच्या छिन्न्या आहेत. आधी लालभडक तापवून तेलात बुडवायच्या. नुसत्या बुडवलेल्या छिन्न्या काचेसारख्या तडकतात, म्हणून मग पुन्हा कमी आचेवर, दोनशे ऐंशी डिग्रीला, दोन तास शेकायच्या.

आज त्या भट्टीचा तापमान मोजणारा सेन्सर बदलला. नवा सेन्सर सतरा डिग्री जास्त दाखवतो असं त्याच्या सर्टिफिकेटवर लिहिलंय. म्हणून मी स्वतः कंट्रोलरमध्ये सतरा मिळवले. भट्टीवरचा खंडू म्हणाला, "द्या म्याडम, मी करतो." दिलं नाही. वर पासवर्डही बदलून टाकला. आता त्या भट्टीशी कुणाला चाळे करता येणार नाहीत.

७ फेब्रुवारी, बुधवार

झाडलोट करणाऱ्या कस्तुराबाईंवर लक्ष ठेवायला हवं.

दुपारी त्या निवलेल्या छिन्न्यांच्या बास्केटपाशी उभ्या होत्या. एक छिन्नी उचलली, पदराने तेल पुसलं आणि खिडकीच्या उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मी मागून जाऊन विचारलं, "काय चाललंय?"

दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "काय न्हाई म्याडम, लुगडं बगत व्हते."

मी त्यांच्या लुगड्याकडे बघितलं. नेहमीचंच, हिरवं, पदराला ठिगळ. छिन्नी हातातून घेतली तर तिच्यावर बोटाएवढा चट्टा, विटेने घासून चकचकीत केल्यासारखा, भट्टीत जाऊन पिवळट पडलेला. म्हणजे शेकायच्या आधी कुणीतरी माल घासला होता. विचारलं तर म्हणाल्या, "म्याच घासला. त्याबिगर दिसत न्हाई."

काय दिसत नाही? मी सांगून टाकलं, यापुढे मालाला हात लावायचा नाही. खंडू हसत होता. तो कशाला हसत होता?

९ फेब्रुवारी, शुक्रवार

काल गुरुवारची सुट्टी. आज डबा खाताना पार्टिशनपलीकडून ऐकलं. कस्तुराबाई खंडूला विचारत होत्या, "भट्टी मंदावली का रं? पयल्यावानी तापत न्हाई."

झाडू मारणाऱ्या बाईला भट्टीच्या तापण्याशी काय करायचंय? भोसरीच्या एका शेडला हे छिन्न्यांचं काम हवं होतं, ते आमच्याकडे आलं. तिथून कुणी यांना पेरलं नसेल कशावरून? आधी कुठे होत्या, कुणाच्या ओळखीने लागल्या, कुणालाच नीट सांगता येत नाही. शेठ म्हणतात, "अहो, गेटवर आली, काम मागितलं, ठेवली."

मीटर बघून आले. दोनशे ऐंशी. काट्यावर काटा.

१२ फेब्रुवारी, सोमवार

जे व्हायला नको होतं ते झालं.

छिन्न्या मोडतायत. टोकाचे कपचे उडतायत. शनिवारी एका रस्त्याच्या कामावर कपचा उडून कामगाराच्या भुवईवर बसला. चार टाके. फोनवर गिऱ्हाइकाचा माणूस म्हणाला, "एक बोट खाली असता तर डोळा गेला होता." तीनशे छिन्न्या परत आल्यात. बाकीच्या सहाशे कुठकुठल्या रस्त्यांवर आहेत ते त्यालाही धड माहीत नाही. सगळ्यांच्या कागदावर माझी सही आहे.

शेठनी केबिनचं दार लावून घेतलं. पुनावळ्याची जमीन विकून त्यांनी हे शेड उभं केलंय, हे ते दर वेळी सांगतात, आज सांगितलं नाही. त्यावरूनच मला कळलं. म्हणाले, "शनिवारपर्यंत मला कारण पाहिजे मॅडम. हे काम गेलं तर तीन नंबर बंद, आणि तुमचं मला काही सांगता येणार नाही."

दिवसभर तपासलं. पोलाद बरोबर. कडकपणा वरच्या टोकाला येतोय, पण मर्यादेत. वेळ बरोबर, मीटर बरोबर, सेन्सर तर कोरा. म्हणजे वस्तूंमध्ये खोट नाही. मग माणसात आहे.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

सापडला! पुरावा सापडला.

तीन नंबरची बास्केट बाहेर आली तेव्हा मी स्वतः उभी होते. छिन्न्यांच्या मध्ये तारेने बांधलेला एक तुकडा लोंबत होता. मोडक्या छिन्नीचं टोक, एक बाजू घासून आरशासारखी केलेली. आता ती बाजू पिवळट तपकिरी पडली होती. आमच्या कुठल्याही कागदावर असला तुकडा नाही. तो भट्टीत गेला कसा?

खंडू शपथा घेऊ लागला. "आईशप्पत म्याडम, म्या न्हाई."

तो इतक्या लगेच शपथेवर आला, हे मला आवडलं नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार

कॅमेऱ्यात दिसलं. जेवणाच्या सुट्टीत, सगळे बाहेर असताना, कस्तुराबाई येतात, इकडेतिकडे बघतात आणि कमरेच्या पिशवीतून काढून काहीतरी बास्केटमध्ये बांधतात.

बोलावून घेतलं. त्या बोलतील ते शब्दाला शब्द उतरवून घ्यायचं ठरवलं होतं, पुढे फिरवू नये म्हणून. विचारलं, भट्टीत तुकडा का टाकला?

"तुमी मालाला हात लावू नगा म्हनला. मंग सोताचा तुकडा आनला."

पण कशाला?

तर पुढचं सगळं हे असं:

"आमी घिसाडी, म्याडम. मालक सांडशी धरायचा, मी घण मारायची. गावोगाव हिंडून इळे-कुऱ्हाडी केल्या. माज्या सासूनं सांगितल्यालं हाय, तिला तिच्या सासूनं. आग्नीची एक लेक व्हती. लई तापट. सासरी जायच्या दिशी न्हायला घातली तशी आशी ताठली, का कुनी हात लावला तर मोडून पडंल. मंग आईनं तिला परत चुलीम्होरं बसवली, बारीक जाळावर. तिथं ती एकेक लुगडं बदलत गेली. पयलं हळदीचं. मंग गुळाचं. मंग वांग्याचं. मंग मोराच्या मानंचं. शेवट राखंचं. हळदीत उठवली तर वस्तरा व्हतो, केस कापंल, दगडावर आपटला का गेला. गुळात उठवली तर इळा. वांग्यात उठवली तर छिन्नी, दगड फोडंल न् सोता ऱ्हाईल. मोरात उठवली तर कमान, वाकंल पन तुटनार न्हाई. राखंत गेली का मऊ पडली, संपलं. आन् येक ध्यानात ठिवायचं. म्होरलं लुगडं नेसता येतं, मागलं परत नेसता येत न्हाई."

मी म्हटलं, याचा इथे काय संबंध?

"तुमच्या छिन्न्या गुळात उठत्यात."

"मीटरवर दोनशे ऐंशी दिसतंय, कस्तुराबाई."

"मीटर खोटं बोलत आसंल."

"मीटरचं सर्टिफिकेट आहे."

"माजं न्हाई," त्या म्हणाल्या.

साधा प्रश्न विचारला तर राजाराणीची गोष्ट सांगत बसायचं, ही उत्तर टाळायची जुनी रीत. बाबा टर्नर होते. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्यांचा मायक्रोमीटर अजून डबीत ठेवलेला आहे. ते म्हणायचे, ऐकून सगळ्यांचं घ्यावं, पण तपासल्याशिवाय मानू नये. मी ऐकून घेतलं. मानलं नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

शेठना कॅमेऱ्यातलं दाखवलं. त्यांनी दोन मिनिटांत निकाल लावला.

कामावरून काढल्याचा कागद मीच टाईप केला. 'भट्टीत बाहेरची वस्तू टाकून मालाचं नुकसान केलं.' कस्तुराबाईंनी वाचून दाखवायला सांगितलं. ऐकून म्हणाल्या, "टाकला त्ये खरं. नुसकान खोटं. म्या सही करनार न्हाई." आणि केली नाही. अंगठ्यासाठी मी शाईचं पॅड काढून ठेवलं होतं; सही येते त्यांना, हे मला आजच कळलं.

गेटवर वॉचमनने पिशवी उपडी केली. पहिली शिफ्ट सुटत होती, सगळे थांबून बघत होते. भाकरीचं फडकं, तंबाखूची डबी, विटेचा तुकडा, आणि छिन्नीचं तसलंच एक टोक. टोक मी ठेवून घेतलं. त्यांनी बाकीचं पुन्हा पिशवीत भरलं, एकेक करून, सावकाश. जाताना मला म्हणाल्या, "वांग्याचं लुगडं बगितल्याबिगर माल सोडू नगा म्याडम. कुनाचा तरी डोळा जाईल."

ही धमकीच म्हणायची की काय?

काम फत्ते झालं. शेठ खूश आहेत. मला मात्र घरी येईपर्यंत बसमध्ये पिशवीतून वस्तू पडल्याचा आवाज येत होता. मी काही चुकीचं केलेलं नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

आज नवा लॉट निघाला. कस्तुराबाई नाहीत, तुकडा नाही, मी भट्टीसमोरून हलले नाही. खुर्ची टाकून बसले होते. खात्री असावी म्हणून दहा छिन्न्या घेऊन मागच्या अंगणातल्या काळ्या दगडावर खंडूला हाणायला लावल्या.

तीन छिन्न्यांचे कपचे उडाले.

मी खंडूकडे बघितलं. त्याने घण खाली ठेवला. "आता माज्याकडं बगू नका म्याडम. बास्केट तुमी भरली, बटन तुमी दाबलं, पासवर्ड तुमच्याकडं. मी निस्ता घण मारला."

माल सोडला नाही. सगळं तपासलं आहे, आणि तरीही. कुणीतरी आहे. कोण आहे?

२१ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी ड्रॉवर उघडला तर ते जप्त केलेलं टोक. काय वाटलं कोण जाणे, दार लावून पॉलिश पेपरने ते स्वच्छ घासलं आणि स्वतःच्या हाताने भट्टीत बांधलं. कॅमेऱ्यात मीही कस्तुराबाईंसारखीच दिसले असेन, इकडेतिकडे बघणारी.

दोन तासांनी काढलं. गुळाचा रंग. जुन्या, चांगल्या गुळाचा. वांग्याची छटासुद्धा नाही.

मग सर्टिफिकेट काढलं. आकडा तोच, सतरा. सेन्सर जास्त दाखवतो. मग मी काय केलं होतं, ते आठवेना. घरी येऊन ही वही उघडली. पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात आहे: जास्त दाखवतो, म्हणून मिळवले.

जास्त दाखवतो म्हणजे वजा करायचे.

दुसरीतल्या मुलीला कळेल. त्याचे आधीचे सतरा, माझे वरून सतरा. मीटर दोनशे ऐंशी म्हणत होता तेव्हा भट्टी दोनशे सेहेचाळीसला होती. सतरा दिवस मी खंडूला तपासलं, भोसरीच्या शेडला तपासलं, एका म्हातारीची पिशवी उपडी करून तपासली. हे पान काही तपासलं नाही.

त्या माणसाच्या भुवईवरचे टाके माझे आहेत.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी. खंडूकडून पत्ता घेऊन मोशीला गेले. रस्त्याच्या कडेला ताडपत्रीची पालं, पुढ्यात खड्ड्यातली भट्टी. कस्तुराबाई भात्यापाशी बसल्या होत्या, सून घण मारत होती. मला बघून कुणी उठलं नाही.

"मी चुकले, कस्तुराबाई," मी म्हटलं. "मीटर खोटं बोलत होतं. मीच त्याला खोटं बोलायला लावलं." सतराचं सगळं सांगितलं.

त्यांनी सांडशीतला विळा उलटा केला. "शेठला सांगितलं?"

"अजून नाही. आधी तुमची माफी मागावी म्हटलं."

"हितं मागून काय करू?" त्या म्हणाल्या. "माजी पिशवी गेटवर उपडी केली. समद्यांनी बगितली. हितं कोन बगतंय? तुमी शेठला सांगत न्हाई तवर मी चोरच हाय."

सुनेचा घण थांबला होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मग कस्तुराबाईंनीच विचारलं, "भाईर किती हायेत?"

"सहाशे. आणि शेडमध्ये परत आलेल्या तीनशे, शिवाय नवा लॉट. सगळ्या भंगारात जातील."

"भंगारात कशाला?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "गुळातली वांग्यात न्हेता येती. म्होरलं लुगडं नेसता येतं, सांगितलं न्हवतं का? तुमी तर लिवून घेत व्हता."

लिहून घेत होते. शब्दाला शब्द.

तेवढ्यात त्यांनी विळा जाळावरून उचलला. मी बघितलं. पात्यावरून रंग धावत होता, हळद, मग गूळ. गुळावर येताच चर्रकन पाण्यात. त्याला एका श्वासाहून जास्त वेळ लागला नसेल.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

शेठना सांगितलं. त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. मग म्हणाले, "सेन्सर खराब निघाला असं लिहा. सेन्सरवाल्याचं काही जात नाही. तुमचं नाव राहतं, कंपनीचं राहतं. ती बाई काय, तिला दुसरं काम मिळेल."

खरं लिहायला ही वही आहे, म्हणून लिहिते: मला बरं वाटलं. रजिस्टर उघडून मी 'सेन्सर' हा शब्द लिहिलासुद्धा. पुढे 'खराब' लिहायचं होतं. पण मग कस्तुराबाईंनी पिशवीत वस्तू कशा एकेक भरल्या ते आठवलं. लिहिलं ते असं: 'सेन्सरची दुरुस्ती मी उलटी केली. वजा करायचे सतरा मी मिळवले. कस्तुराबाईंनी भट्टीत बांधलेला तुकडा तपासणीचा होता, त्याने मालाचं नुकसान झालेलं नाही. त्यांनी चूक वेळेवर दाखवली, मी ऐकलं नाही.' खाली सही, तारीख.

त्याची एक प्रत गेटच्या बोर्डावर लावली. शिफ्ट सुटताना लावली, मुद्दाम. लोक वाचत होते, मी बाजूला उभी होते. माझ्या पिशवीला कुणी हात लावला नाही, तरी मी ती घट्ट धरून होते.

इनचार्जपद गेलं. शेठ ओरडले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "आता त्या सहाशे छिन्न्या परत मागवायचा फोन तुम्हीच करा." केला. माणूस काय काय बोलला ते या वहीतही लिहिण्यासारखं नाही. पण माल परत करतोय. आम्ही तो फुकट शेकून देणार, या बोलीवर.

२८ फेब्रुवारी, बुधवार

सहाशेपैकी पाचशे ऐंशी आल्या. वीस सापडल्या नाहीत. त्या वीस माझ्या डोक्यातून जात नाहीत. रस्त्याचं काम दिसलं की मी बसच्या खिडकीतून बघते, कोण घेऊन उभा आहे.

खंडू स्वतः मोशीला जाऊन निरोप देऊन आला होता. आज अकराच्या सुमारास कस्तुराबाई आल्या. गेटवर थांबून बोर्डावरचा कागद खंडूकडून दोनदा वाचून घेतला. मग आत आल्या. शेठना म्हणाल्या, "झाडू मारनार न्हाई. भट्टीपाशी उभी ऱ्हाईन." शेठनी मान डोलावली.

सतरा वजा केले. त्यांनी स्वतः टोक घासलं, स्वतः तारेने बांधलं. दोन तासांनी बास्केट बाहेर आली तेव्हा खंडू, शेठ, मी, सगळे तिथेच. टोक निवल्यावर त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

"बगा. कंचं लुगडं?"

मी खिडकीपाशी गेले. गूळ नव्हता. तांबूस जांभळं, देठाजवळच्या वांग्यासारखं, आणि कडेला निळ्याची जरा सुरुवात.

"वांग्याचं," मी म्हटलं.

खंडू बास्केट उचलायला वाकला. "थांब," कस्तुराबाई त्याला म्हणाल्या. माझ्या हातातून त्यांनी टोक घेतलं, पदराने पुसलं, खिडकीपाशी गेल्या आणि उजेडात धरून स्वतःच्या डोळ्याने बघितलं. एकदा, मग उलटं करून पुन्हा.

मग म्हणाल्या, "आता उचल."